यंत्राच्या कपाळी लिहिलेले

लास वेगासच्या कॅसिनोत दोन व्हिडिओ पोकर यंत्रे शेजारी शेजारी उभी असतात. कंपनी एकच, पडदा तेवढाच, बटणे तीच, पत्त्यांवरची राजा-राणीची चित्रेही तीच. डाव्या यंत्राच्या दरपत्रकात 'फुल हाऊस'पुढे ९ आणि 'फ्लश'पुढे ६ लिहिलेले असते. उजव्या यंत्रावर त्याच दोन ओळींत ८ आणि ५. बाकीचे सगळे आकडे सारखे. एवढ्याशा फरकाने डावे यंत्र लावलेल्या शंभर डॉलरांमागे सरासरी ९९ डॉलर ५४ सेंट परत करते आणि उजवे ९७ डॉलर ३० सेंट. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर एकीकडे ४६ सेंटचे नुकसान आणि दुसरीकडे २ डॉलर ७० सेंटचे, म्हणजे जवळजवळ सहापट. तरीही उजवी खुर्ची रिकामी राहत नाही.

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आईवडील ग्रँड कॅन्यन पाहायला निघाले की वाटेत लास वेगासला एक मुक्काम पडतोच. हॉटेलच्या खोलीकडे जाणारी वाट बहुतेक ठिकाणी कॅसिनोच्या दालनातूनच काढलेली असते. वीस डॉलर घालून पाहू, असे कुणीतरी म्हणते आणि मंडळी लिफ्टच्या सर्वांत जवळचे यंत्र गाठतात. वीस डॉलर कुठेही घालावेत, पण घालण्याआधी अर्धा मिनिट दरपत्रक वाचावे. या एका खेळात ते वाचून खरोखर उपयोग होतो.

फळांची चित्रे फिरवणाऱ्या स्लॉट यंत्रात तो होत नाही. तिथे कोणते चित्र किती वेळा थांबणार हे आतल्या प्रणालीत ठरलेले असते. १९८४ साली इंगे टेलनेस यांना मिळालेल्या पेटंटमुळे तर डोळ्यांना दिसणारे चक्र आणि निकाल ठरवणारे आतले आकडे यांचा संबंधच सुटला. दिसायला सारखी असलेली दोन स्लॉट यंत्रे किती परत करतात हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. व्हिडिओ पोकरमध्ये मात्र बावन्न पत्त्यांचा कॅट आहे. नेवाडा राज्याच्या नियमानुसार पत्त्यांचा खेळ दाखवणाऱ्या यंत्रात प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटमधल्याइतकीच ठेवावी लागते. बावन्न पानांतून पाच पाने वाटण्याचे २५,९८,९६० प्रकार होतात, त्यात कमी-जास्त काही नाही. शक्यता माहीत आहेत आणि प्रत्येक जुळणीला किती पैसे मिळणार हे पडद्यावर लिहिलेले आहे. या दोन गोष्टी हाती असल्या की उरते ते गणित. ते पूर्वीच करून झाले आहे, वाचकाने फक्त आकडे ओळखायचे आहेत.

पत्त्यांचे यंत्र ही कल्पना जुनी आहे. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सिटमन आणि पिट यांनी पाच नळकांड्यांवर पत्ते लावलेले यंत्र बनवले. नाणे टाकून दांडा ओढायचा, पाच पाने समोर येत, आणि बक्षीस म्हणून दुकानदार बिअर किंवा सिगार देई. त्यात पाने पन्नासच होती. बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम गाळलेला असे. या दोन पानांवाचून इस्पिकची आणि बदामची रॉयल फ्लश, म्हणजे एकाच रंगाची दश्शी ते एक्का, होऊच शकत नाही, म्हणजे सर्वांत मोठ्या बक्षिसाच्या चार वाटांपैकी दोन बंदच झाल्या. गिऱ्हाइकाला ते कळायला नळकांडी उघडूनच पाहावी लागली असती. पुढे १९७९ च्या सुमारास विल्यम 'साय' रेड यांच्या कंपनीने पडद्यावरचे 'ड्रॉ पोकर' बाजारात आणले. हीच कंपनी नंतर आयजीटी या नावाने जगभर पसरली. गुलामाची किंवा त्याहून वरची जोडी आली तरी लावलेले नाणे परत मिळू लागले आणि खेळ लोकप्रिय झाला. याच प्रकाराला 'जॅक्स ऑर बेटर' म्हणतात, आणि नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

खेळ सोपा आहे. पाच पाने येतात, हवी ती धरून ठेवायची, नको ती टाकायची, त्यांच्या जागी एकदाच नवी येतात. समोर कुणी प्रतिस्पर्धी नाही, त्यामुळे चेहरा कोरा ठेवण्याची गरज नाही. चांगल्या 'जॅक्स ऑर बेटर' यंत्रावर एका नाण्यामागे दर असे असतात: गुलाम ते एक्का यांपैकी कोणत्याही जोडीला १, दोन जोड्यांना २, तिकडीला ३, स्ट्रेटला ४, फ्लशला ६, फुल हाऊसला (तिकडी आणि जोडी एकत्र) ९, चौकडीला २५, स्ट्रेट फ्लशला ५० आणि रॉयल फ्लशला ८००. यातल्या '१' ला पुष्कळ जण फसतात. तो नफा नव्हे, लावलेलेच नाणे परत आलेले असते.

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या मराठी माणसाला इथे एक सवय मोडावी लागते. तीन पत्तीत सिक्वेन्स रंगाहून मोठी. पोकरमध्ये उलटे आहे: पाच पाने एका रंगाची, म्हणजे फ्लश, ही ओळीने आलेल्या पाच पानांहून, म्हणजे स्ट्रेटहून वरची.

आता फुल हाऊस आणि फ्लश या दोनच ओळी कशासाठी वाचायच्या? कॅसिनोने यंत्र 'आवळायचे' ठरवले की तो बहुधा याच दोन ओळींना हात लावतो. जोडीचा दर शून्य केला तर कुणी बसणार नाही. पाच नाण्यांवरच्या रॉयलचे ४,००० लांबून दिसतात, तेही कमी करून चालत नाही. मधल्या ओळींकडे कुणाचे लक्ष जात नाही. योग्य रीतीने खेळणाऱ्याला साधारण ८७ डावांत एक फुल हाऊस आणि ९१ डावांत एक फ्लश मिळते. म्हणजे या ओळींतला एकेक आकडा कमी झाला की परतावा प्रत्येकी एक टक्क्याहून थोडा अधिक उतरतो. ९/६ ला ९९.५४ टक्के, ९/५ ला ९८.४५, ८/६ ला ९८.३९, ८/५ ला ९७.३०, ७/५ ला ९६.१५ आणि ६/५ ला जवळपास ९५. जाणकारांची बोलीच अशी आहे: ते यंत्राचे नाव घेत नाहीत, 'नऊ-सहा' म्हणतात.

टक्क्यांनी पोट भरत नाही, म्हणून तासाचा हिशेब मांडावा. पाव डॉलरच्या यंत्रावर पाच नाणी लावली की एका डावाला सव्वा डॉलर जातो. सराईत हात तासाला सहाशे डाव सहज खेळतो. म्हणजे तासाभरात यंत्रातून ७५० डॉलरची उलाढाल होते. खिशात ७५० नसले तरी होते, कारण जिंकलेले पैसे पुन्हा लागत असतात. या उलाढालीवर ९/६ यंत्राचे सरासरी 'भाडे' तासाला साडेतीन डॉलरच्या आतच. ८/५ वर ते वीस डॉलर, ६/५ वर साडेसदतीस. तीच खुर्ची, तोच तास. निम्म्या वेगाने खेळले तर हे सगळे आकडे निम्मे होतात, म्हणून सावकाश खेळणे हाही पैसे वाचवण्याचा मार्ग आहे.

या सरासरीत एक मोठी गोष्ट दडलेली आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. ९९.५४ मधले जवळपास दोन टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत. ती सरासरी ४०,३९१ डावांत एकदा येते, म्हणजे तासाला सहाशे डावांच्या वेगाने सदुसष्ट तासांत एकदा. दोन दिवसांच्या सहलीत ती दिसण्याची आशा धरू नये. तिला वगळले तर सर्वोत्तम यंत्रसुद्धा साडेसत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपासच परत करते, म्हणजे पाव डॉलरच्या खेळात तासाला सुमारे अठरा डॉलर जातात. निम्म्याहून अधिक, नेमके सांगायचे तर साडेचोपन्न टक्के डावांत काहीच मिळत नाही. वीस डॉलरच्या नोटेत सव्वा डॉलरचे सोळा डाव बसतात आणि ते पाच मिनिटांत संपूही शकतात. चांगले यंत्र निवडल्याने खेळ स्वस्त होतो. त्यातून मिळकत होईल या भरवशावर कुणी घरखर्चाचे पैसे लावू नयेत, आणि ज्याला जुगारातून उठणे जमत नाही त्याने चांगल्या यंत्राचा शोधही घेऊ नये.

पाच नाणी लावण्याचा आग्रहही रॉयलमुळेच. एक ते चार नाणी लावली तर रॉयलला नाण्यामागे २५० मिळतात. पाचवे नाणे टाकताच दर ८०० होतो आणि एकूण ४,००० येतात. ज्याला कमी पैशांत खेळायचे आहे त्याने डॉलरच्या यंत्रावर एक नाणे लावण्याऐवजी पाव डॉलरच्या किंवा पाच सेंटच्या यंत्रावर पाच लावावीत. मात्र छोट्या नाण्यांवर दरपत्रक अनेकदा हलके असते, म्हणून तेही पाहूनच.

हा 'पाहूनच' वाटतो त्याहून कठीण आहे. आजकाल एकाच पडद्यावर डझनभर खेळ आणि तीन-चार नाणी असतात. त्याच यंत्रावर डॉलर निवडला की ९/६ दिसते आणि पाव डॉलर निवडला की तेच दरपत्रक ८/५ होते. बोटाने पडदा दाबायचा, प्रत्येक नाण्याचे दर उघडायचे, वाचायचे आणि मग नोट घालायची. नोट आधी घातली की माणूस वाचत नाही. रस्त्यावरच्या गर्दीच्या, पर्यटकांच्या कॅसिनोंपेक्षा स्थानिक रहिवाशांच्या वस्त्यांजवळच्या कॅसिनोंत चांगली दरपत्रके अधिक सापडतात, कारण तिथले गिऱ्हाईक आठवड्याला येते आणि आकडे ओळखते. बारच्या ओट्यात बसवलेली यंत्रे बहुधा वाईट असतात. तिथे मिळणाऱ्या 'फुकट' पेयाची किंमत दरपत्रकातून वसूल होते.

खेळाचे नाव वाचणेही तितकेच महत्त्वाचे, कारण सारखाच आकडा दोन खेळांत वेगळे सांगतो. साध्या 'जॅक्स ऑर बेटर'मध्ये ८/५ टाळावे. 'बोनस पोकर'मध्ये चौकडीला जास्त मिळते, चार एक्क्यांना ८०, चार दुर्री-तिर्री-चौकींना ४०, म्हणून तिथे ८/५ हेच उत्तम दरपत्रक आहे आणि ते ९९.१७ टक्के परत करते. उलट 'डबल डबल बोनस'मध्ये चार एक्के आणि सोबत दुर्री, तिर्री किंवा चौकी आली तर पाच नाण्यांना २,००० मिळतात. ती जाहिरात मोठ्या अक्षरांत असते. त्याच दरपत्रकाच्या तळाशी दोन जोड्यांचा दर २ वरून १ वर आलेला असतो. दोन जोड्या दर आठ डावांत एकदा येतात. तो एक आकडा साधारण तेरा टक्के खाऊन टाकतो आणि ते तेरा टक्के वर चौकड्यांत वाटलेले असतात. ९/६ 'डबल डबल'चा परतावा ९८.९८ म्हणजे वाईट नाही, पण पैसे येण्याची लय बदलते. लांब कोरडा पट्टा, मग एकदम पाऊस. थोडे पैसे घेऊन बसणारा बहुधा पावसाआधीच उठतो. पहिल्या सहलीला साधा प्रकारच बरा.

जिथे दुर्री कोणत्याही पानाच्या जागी चालते त्या 'ड्यूसेस वाइल्ड'ची गोष्ट निराळी. याच्या जुन्या, पूर्ण दराच्या दरपत्रकाचा परतावा अचूक खेळणाऱ्याला १००.७६ टक्के आहे. कॅसिनोपेक्षा खेळणाराच वरचढ. अशी यंत्रे आता अगदी विरळ. ओळखायची खूण चौकडीची ओळ: तिथे ५ हवे. चार दुर्ऱ्या मदतीला असल्याने या खेळात चौकडी पंधरा-सोळा डावांत एकदा येते, आणि ५ चे ४ केले की सहा टक्क्यांहून अधिक निघून जातात. काही यंत्रांवर चौकडीला ४ देऊन त्याची भरपाई दुसरीकडे केलेली असते: पाच सारख्या पानांना १६, स्ट्रेट फ्लशला १०, फुल हाऊसला ४, फ्लशला ३. ते दरपत्रक ९९.७३ टक्क्यांपर्यंत पोहोचते. भरपाई नसेल तर तिथून पुढे चालावे.

वाढत जाणाऱ्या रॉयलची, म्हणजे 'प्रोग्रेसिव्ह'ची पाटीही डोळे दिपवते. तिचा हिशेब असा: पाच नाण्यांचा रॉयल ४,००० च्या वर दर हजार नाण्यांनी वाढला की परतावा सुमारे अर्धा टक्का वाढतो. म्हणून ८/५ यंत्रावरचा रॉयल दुप्पट, ८,००० झाला तरी ते शंभर टक्क्यांच्या थोडे खालीच राहते. शिवाय ही वाढ फक्त रॉयल मिळालेल्यालाच दिसते.

यंत्र निवडून झाले की पाने धरण्याचा प्रश्न येतो. ९९.५४ हा आकडा प्रत्येक पान योग्य धरणाऱ्याचा आहे, आणि नेमके इथेच अंगवळणी पडलेले शहाणपण आड येते. हातात बदामचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदामचीच सत्ती आली आहे. फ्लश झालेली आहे, ६ हातात आहेत. ती मोडून सत्ती टाकायची का? उरलेल्या ४७ पानांत बदामची दश्शी एक, तिचे ८००. बदामची इतर सात पाने पुन्हा फ्लश देतील, त्यांचे ४२. दुसऱ्या रंगांच्या तीन दश्शी स्ट्रेट देतील, त्यांचे १२. एक्का ते गुलाम यांची जोडी करणारी बारा पाने, त्यांचे १२. एकूण ८६६, भागिले ४७, म्हणजे १८.४३. सहाच्या तिप्पट. सत्ती टाकायची. घरच्या रमीत हातातला तयार डाव मोडणारा वेडा ठरतो, इथे न मोडणारा पैसे सोडतो.

उलट राणीची जोडी हातात असेल आणि तीच राणी धरून चार पाने एका रंगाची असतील, तर फ्लशच्या मागे लागू नये. जोडी सरासरी दीडपट देते, चार रंगीत पाने सुमारे १.१९. मात्र जोडी पंजीची किंवा सत्तीची असेल तर निर्णय फिरतो आणि चार रंगीत पाने जड ठरतात. छोटी जोडी आणि एकटा एक्का यांत जोडी धरावी. जोडीसोबत एक्का 'असू दे' म्हणून ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक; त्याने तिकडीची आणि चौकडीची वाट अडते. अशा क्रमवारीची छापील कार्डे मिळतात. नेवाडाच्या कॅसिनोत ती समोर ठेवून खेळायला हरकत नसते. मोबाइलवर किंवा अन्य उपकरणावर गणित करत खेळणे मात्र तिथल्या कायद्यात गुन्हा ठरू शकते.

अमेरिकेत सगळीकडे नेवाडाचा नियम लागू नाही. आदिवासी जमातींच्या जमिनींवरच्या काही कॅसिनोत पत्ते दाखवणारी पण आतून बिंगोवर चालणारी यंत्रे असतात. १९८८ च्या केंद्रीय कायद्यातल्या वर्गवारीनुसार ती 'क्लास टू' गणली जातात. पडद्याच्या कोपऱ्यात छोटे बिंगो कार्ड दिसते. तिथे बक्षीस बिंगोने आधीच ठरलेले असते, पत्ते ही नुसती सजावट. कोणते पान धरले याला अर्थ नाही आणि दरपत्रक वाचून परतावाही निघत नाही. वर सांगितलेले सगळे अशा यंत्रासमोर निरुपयोगी आहे.

कराचे आधीच जाणून घ्यावे. पाव डॉलरच्या यंत्रावर रॉयल म्हणजे १,००० डॉलर, ते पडद्यावरच जमा होतात. डॉलरच्या यंत्रावर ४,००० डॉलर. तेव्हा यंत्र थांबते, कर्मचारी कागद घेऊन येतो, आणि भारतातून व्हिसावर गेलेल्या परदेशी पाहुण्याचा ३० टक्के कर तिथेच कापला जाऊ शकतो. त्यामुळे पाहुण्याच्या दृष्टीने डॉलरचे ९/६ हे पाव डॉलरच्या ९/६ इतके चांगले उरत नाही. भारतातल्या रहिवाशाला असे उत्पन्न इथल्या विवरणपत्रातही दाखवावे लागते.

महाराष्ट्रात हा खेळ खेळण्याची कायदेशीर जागा नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना वाट मिळाली आणि पुढे मांडवीतल्या जहाजांवर टेबलांचे खेळ आले. मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळवणारे ॲप मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहे. तशी जाहिरात दिसली तर तिथले दरपत्रक कितीही गोड असो, हात लावू नये.

सरावाला यांपैकी कशाचीही गरज नाही. कपाटातला पत्त्यांचा कॅट काढावा, जोकर बाजूला ठेवावेत, नीट पिसून पाच पाने उघडी मांडावीत. नऊ-सहाचे दर कागदावर लिहून समोर ठेवावेत. कोणती पाने धरायची ते मोठ्याने बोलून ठरवावे, नवी घ्यावीत, आणि डावामागे पाच चिंचोके उजवीकडून डावीकडे सरकवावेत. जुळले तर दरानुसार परत घ्यावेत. सुरुवातीला ऐंशी चिंचोके मोजून घ्यावेत. वीस डॉलरच्या नोटेत तेवढीच पाव डॉलरची नाणी असतात. सोळा डाव झाले की उजवीकडे किती उरले ते पाहावे.